पहिला दुधी

“वहिनी, जरा तांब्या देता?” बुवा म्हणाले, आणि मी पाणी घेऊन येईपर्यंत ते झोपाळ्यावरून खाली फरशीवर आले होते.

आपणहून बसले की घसरले, मला कळलं नाही. पाठ भिंतीला टेकलेली, पाय लांब पसरलेले. समोर बाईमाणूस असताना रंगनाथबुवा टेंभूकरांनी कधी मांडी मोडलेली मी पाहिली नव्हती. कपाळावरचं ओलं गंध घामाबरोबर ओघळून भुवईत उतरलं होतं.

“बुवा, काय होतंय?”

“पाणी नको,” ते म्हणाले. “पोटात कुणीतरी पीळ घालतंय हो.”

एवढं बोलून ते एका कुशीला कलले आणि भडभडून ओकले. एकदा, लगेच दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी नुसताच आवाज आला. तो ऐकून माझ्या हातातला तांब्या खाली पडला.

“अहो!” मी ओरडले. “अहो, आधी या इकडे!”

आमचे हे न्हाणीघरातून अर्ध्या दाढीनिशी धावत आले. एका गालाला साबण तसाच होता. त्यांनी बुवांचं मनगट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

“नाडी हाताला लागत नाहीये. शरयू, हा हृदयाचाच झटका. दोन वर्षांपूर्वी येऊन गेलाय ना त्यांना? काय खाल्लं सकाळपासून?”

“काही नाही. रोजचा दुधीचा रस.”

“बस्स?”

“बस्स.”

“मग हृदयच,” असं म्हणून हे तसेच समोरच्या जगदाळ्यांच्या दारात गेले. बाजीराव जगदाळ्यांचा तीनचाकी टेंपो होता. भाजीच्या पाट्या खाली उतरवून त्यांनी तो आमच्या पायरीपर्यंत आणला आणि लहान मुलाला उचलावं तसं बुवांना उचललं.

“लई हलकं हाय म्हातारं,” बाजीराव म्हणाले. “आवाज एवढा कुठनं येतो, देव जाणे.”

टेंपो गेला. मी सोवळ्यात होते, पायाशी सगळं ओकलेलं होतं, म्हणून मी मागे राहिले.

ही सत्त्याण्णव सालच्या श्रावणातली गोष्ट. कोरेगावात आमच्या मुरलीधराच्या देवळात जन्माष्टमीपर्यंत आठ दिवस कीर्तन असे, आणि अकरा वर्षं बुवांचा मुक्काम आमच्याकडेच असे. मला कीर्तनाचं वेड. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकायला लागले ती सवय सुटली नाही. पूर्वरंगात झोपणाऱ्या बायका आख्यान सुरू झालं की जाग्या होतात. मला मात्र पूर्वरंगच जास्त गोड वाटे. बुवा एखादं वाक्य अर्ध्यावर सोडून झांज नुसती हातात धरून उभे राहत, आणि तेवढ्या दोन क्षणांत सबंध सभामंडपाचा श्वास अडकलेला असे. मग हसून पुढचा शब्द टाकत. हे मला चिडवत, “तुझे बुवा आणि तुझा मुरलीधर. मी आपला ह्या घरातला भाडेकरू.”

माझं दुसरं वेड म्हणजे परसातली बाग. चार गुंठ्यांचं परस. उन्हाळ्यात आळी खणायची, मृगात टोकणी करायची, श्रावणात मांडवाखाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघायचं. बाजारातलं बी मी कधी आणलं नाही. वेलावरचं एक चांगलं फळ राखायचं, वाळू द्यायचं, बी काढून राखेत घोळून बाटलीत भरायचं. आईनं असंच केलं, तिच्या आईनंही. त्या वर्षी दुधीला असा काही बहर आला होता की येणाजाणारा थांबून बघे. फळं नेहमीसारखी लांबट नव्हती. देठाशी निमुळती आणि पोटाशी गोल, गरगरीत. मी कौतुकानं सगळ्यांना दाखवत होते.

आमच्याकडे वेलाचं पहिलं फळ देवाचं. त्या दिवशी सकाळी दोन दुधी उतरवले. फुलं न्यायला अनुसयाबाई जगदाळे आल्या होत्या. त्यांची लता पहिलटकरीण, बाळंत होऊन बारावा दिवस. दुधी बाळंतिणीला चांगला, म्हणून एक त्यांना दिला. दुसरा सोवळ्यात किसला, फडक्यातून पिळला, जिऱ्याची पूड घातली, आधी देवापुढे ठेवला आणि मग बुवांना दिला. त्यांच्या वैद्यांनी रोज सकाळी दुधीचा रस सांगितला होता. चार दिवस बाजारातला दुधी आणावा लागला होता, आज घरचा. नैवेद्य कुणी चाखायचा नसतो. चाखायचा नाही, हुंगायचाही नाही. मी आठ वर्षांची असल्यापासून हा नियम पाळत आले होते.

तर मी एकटी राहिले. फरशी पुसली, राख टाकली, पुन्हा पुसली. हात चालत होते, आणि मनात एक गोष्ट कुसळासारखी टोचत होती. टेंपो गेल्यापासून टोचत होती. ह्यांना मी ‘बस्स’ म्हणाले, तेव्हाही टोचलीच होती.

झोपाळ्याखाली पेला आडवा पडला होता. तळाशी हिरवट पाणी राहिलं होतं. मी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

कारलं कडू असतं, कडुनिंब कडू असतो. हे तसलं नव्हतं. जिभेवर निखारा ठेवल्यासारखं झालं आणि कडूपणा थेट घशात उतरला. मी थुंकले, मोरीत जाऊन चूळ भरली. दहा चुळा भरल्या तरी तो जाईना. एका थेंबाचा एवढा. बुवा तर पेलाभर प्यायले होते.

मी तशीच परसात गेले. मांडवावर तिसरा दुधी लोंबत होता. निमुळत्या मानेचा, गोल पोटाचा. रोज बघत होते तोच. आज त्याच्याकडे बघितलं आणि ते पोट मी आधी कुठे पाहिलं होतं ते मला आठवलं.

आदल्या वर्षी बुवांनीच मला मूठभर बी दिलं होतं. त्यांच्या एका शिष्याला तंबोरा करून घ्यायचा होता. त्याला लागतो तो कडू भोपळा. “वहिनी, तुमच्या हाताला गुण आहे, लावून बघा,” असं म्हणाले होते. मी तो वेल कुंपणावर सोडला होता, दुधीच्या मांडवाला लागून. दोन्ही फुलं पांढरी, दोन्ही संध्याकाळी उमलणारी. भोपळे तंबोरेवाल्याकडे गेले, वेल वाळून गेला. आणि शेजारच्या दुधीचं एक फळ मी नेहमीसारखं बियाण्याला राखलं होतं. त्या वर्षीचे दुधी गोडच होते. बिघडलं होतं ते आतलं बी, भोपळ्याच्या फुलाचा पराग लागून. त्याच बियांचा हा वेल.

‘मुरलीधरा’ म्हणावं म्हणून तोंड उघडलं, पण शब्द येईना. जन्मभर नाम ऐकलं आणि त्या क्षणाला देवाचं एक नाव मला आठवेना. आठवला तो बारा दिवसांचा जीव आणि त्याची आई.

मी समोरच्या घरात शिरले तेव्हा अनुसयाबाई चुलीशी होत्या.

“या की. काय म्हन्तात ओ बुवा?”

“दुधी कुठाय? मघाशी दिलेला दुधी?”

“भाजी केली की. लताला भाकरीसंगं—”

“तुम्ही चाखलीत?”

“जरा कडसर लागली बघा. म्हनलं, फोडणी करपली आसंल. गुळाचा खडा टाकलाय.”

“लताला दिली?”

“ताट आत्ताच दिलंय आत. आवो, आत जाऊ नका, बाळाला शेक चाललाय! चिरपुटकरवैनी!”

बाळंतिणीच्या खोलीत बाहेरचं कुणी जात नाही, पाय धुतल्याशिवाय तर नाहीच. मी दार ढकललं. आत धुरी दाटली होती, ओव्याचा आणि शेपेचा वास कोंडला होता. लता बाजेवर बसलेली, मांडीवर ताट, हातात घास.

मी तिच्या हातावर फटका मारला. ताट उलटं झालं, बाळ दचकून रडायला लागलं.

“काकू!” लता किंचाळली.

“किती खाल्लंस? खरं सांग. किती घास?”

“एक पन नाही, काकू. एक तोंडात घातला आन् थुकला. ह्यो बघा, तिथं राखंत. आईला म्हनलं लई कडू हाय, तर म्हनती नाटकं करू नगं, दुधाला चांगलं आसतं, गीळ मुकाट्यानं. दुसरा घेतला तवर तुमी आला.”

मी राखेतला घास नीट बघून घेतला. अनुसयाबाई दारात उभ्या होत्या, हातात पळी.

“काय झालं काय, वैनी? सांगा की.”

“विष आहे ते. भाजी टाका. गाई-म्हशीला घालू नका, खड्डा करून पुरा. लताला चूळ भरायला लावा. तुम्ही किती खाल्ली?”

“बोटभर.” त्यांचा चेहरा उतरला. “आन् मग बुवा...”

“बुवांनी पेलाभर रस घेतलाय.”

अनुसयाबाईंनी पळी खाली ठेवली आणि लेकीच्या तोंडावरून हात फिरवायला लागल्या. फिरवतच राहिल्या.

मी परसात येऊन तिसरा दुधी हिसकून तोडला आणि निघाले. डोक्यावर पदर नाही, पायात वहाण नाही, अंगावर सोवळ्याचं ओलं लुगडं. दवाखाना बाजारपेठेच्या टोकाला. शनिवारचा बाजार भरत होता. कुणी विचारलं, “बाई, काय झालं?” कुणी म्हणालं, “दुधी घेऊन कुठं पळतायत ह्या?” आणि कुणीतरी हसलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मुरलीधराच्या दारावरून मान न वळवता गेले. भक्तीचा विसर पडला म्हणून नव्हे, मला त्याच्याकडे बघायची भीती वाटत होती. रस तर आधी त्यालाही दाखवला होता.

दवाखान्यात आतल्या खोलीत बुवा बाजेवर होते. अंगात सदरा नव्हता, छातीला तारा लावलेल्या. चेहरा मेणासारखा. हे उशाशी, अर्धी दाढी तशीच. बाजीराव भिंतीला टेकून. डॉक्टर निकम तरुण, वर्षभरापूर्वीच गावात आलेले. त्यांच्या एका हातात कागदाची पट्टी आणि दुसऱ्या हातात भरलेली सुई होती.

“वहिनी, बाहेर थांबा,” ते म्हणाले.

“हे काय देताय?”

“शरयू, त्यांना काम करू दे,” हे म्हणाले.

“काय देताय ते सांगा.”

डॉक्टर चांगल्या स्वभावाचे म्हणून उत्तर मिळालं. “हृदयाच्या नळीत गुठळी झाली असणार. पट्टीत तसं दिसतंय, घाम आहे, दाब खाली गेलाय. ह्या इंजेक्शननं रक्त पातळ होतं, गुठळी विरघळते. साताऱ्याला न्यायच्या आधी द्यायला हवं. सरा बाजूला.”

“थांबा,” मी म्हणाले. “त्यांना मी पाजलंय.”

“काय पाजलंय?”

मी दुधी पुढे केला. तो हातातून सुटून बाजेवर पडला, बुवांच्या पायांशी.

“हे कडू आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्याचं बी मिसळलंय ह्यात, माझ्या चुकीनं. पेलाभर रस दिलाय सकाळी सातला. अर्ध्या तासानं हे सगळं सुरू झालं.”

“पण कडू होता तर ते प्यायले कसे?” डॉक्टर म्हणाले. “कडू लागला तर माणूस थुंकतो.”

“बुवा अन्नाला नावं ठेवत नाहीत,” हे म्हणाले. “अकरा वर्षांत कधी नाही. खारट, आंबट, काही वाढा. पण शरयू, पेलाभर कडू विष कुणी...”

आणि मग मी ते बोलले. ह्यांना ‘बस्स’ म्हणताना गिळलं होतं ते.

“त्यांनी अर्धाच घेतला होता. पेला खाली ठेवून म्हणाले, वहिनी, आज जरा निराळा लागतोय, राहू द्या का? मी म्हटलं, बुवा, मांडवावरचं पहिलं फळ आहे, देवापुढे ठेवून आणलंय. प्रसाद टाकायचा नसतो असं तुम्हीच ना आम्हाला सांगता? तेव्हा ते माझ्याकडे बघत राहिले. मग पेला कपाळाला लावला आणि एका दमात उरलेला संपवला. डॉक्टर, मी हसत होते हो. त्यांना बरोबर पकडलं म्हणून मी हसत होते.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि तेच बरं केलं.

डॉक्टरांनी पट्टी टेबलावर टाकली. दुधी उचलला, नखानं साल खरवडलं, जिभेच्या टोकाला लावलं आणि लगेच मोरीशी धावले. थुंकले, चूळ भरली, पुन्हा थुंकले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते.

“आईशप्पथ,” ते म्हणाले. पंचवीस-सव्वीस वर्षांचं पोर, तेवढंच बोललं. मग सुई ट्रेमध्ये ठेवली, अगदी हलकेच. तिचाच धक्का लागेल असं वाटल्यासारखी. “ह्यानं पोट आतून सोलून निघतं. मी कॉलेजात एकच असा रोगी बघितलाय. जर आत रक्त...”

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. बुवा बाजेच्या कडेला वळले आणि ह्यांनी धरलेल्या पितळी घमेल्यात ओकले. ते लाल होतं.

डॉक्टरांनी त्या ट्रेकडे एकदा बघितलं. मग ओरडायला लागले. सलाईन आणा, दुसऱ्या हाताला पण लावा, बाजीराव, गाडी बघा, टेंपो नको, आडवं झोपवता येईल अशी जीप बघा. मी दाराशी उभी होते. कुणी मला बाहेर जा म्हटलं नाही, आत ये म्हटलं नाही.

जीपमध्ये बुवांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डॉक्टर स्वतः बाटली धरून बसले. वाटेत ल्हासुर्ण्याच्या पुढे बुवांचे ओठ हलले. मी कान खाली नेला. नामस्मरण करत असतील असं वाटलं.

“पेटीवाल्याला सांगा,” ते म्हणाले, “आज त्यानं जेवून इकडे यायला निघू नये. संध्याकाळी कीर्तन नाही.”

आणि डोळे मिटले. मी त्यांच्या छातीकडे बघत बसले. वर गेली की ती खाली येईपर्यंत बघायची, खाली आली की वर जाईपर्यंत. सातारा येईस्तोवर मी दुसरं काही केलं नाही.

साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना तीन दिवस काचेपलीकडे ठेवलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्यावर उतारा नाही, पाणी आणि रक्त भरत राहायचं आणि वाट बघायची. पुण्याहून मुलगा आला. मी त्याच्या पाया पडायला वाकले तर तो बाजूला सरला. रागावून सरला की संकोचून, मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला कोरेगावला परत आणलं. देवळात बायका बसल्या होत्या. बुवांची जागा रिकामी, पाटावर झांज आणि हार. सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, मीच प्रसाद टाकू नका म्हणाले तेही धरून. एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, “अगं, देवाला दाखवलेलं बाधत नसतं. तुझ्याच सोवळ्यात काही खोट राहिली असेल.” दुसरी लगेच म्हणाली, “मावशी, गप बसा. देवाला काय पोट आहे का?” त्यांचं तिथेच जुंपलं. मी देवाकडे बघितलं. तो नेहमीसारखाच हसत होता. ते हसू बघून मला त्या सकाळी माझ्या तोंडावर होतं ते आठवलं आणि मी बाहेर पायरीवर येऊन बसले.

घरी ह्यांनी वेल मुळासकट उपटून ठेवला होता. बियांची बाटली बंबात रिकामी केली होती. “जाळलं सगळं,” एवढंच म्हणाले. मला एका शब्दानं टोचलं नाही. दोन दिवसांनी जेवताना हातातला घास तसाच धरून म्हणाले, “लता काल बाळाला घेऊन आली होती. तू झोपली होतीस. जावळ छान आहे गं त्याचं.”

बुवा वाचले. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. पुढे वर्षभर पत्र नाही, निरोप नाही. मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही पत्रं फाडली. काय लिहायचं? वाईट ह्याचं वाटे की माझं चुकलं ते बागेत नव्हतंच. बी मिसळतं, ते कुणाला दिसतं? मी चुकले ते माणसाचं तोंड समोर दिसत असताना.

त्या वर्षी मी परसात काही लावलं नाही. सैपाकघरात मात्र एक नवं सुरू केलं, आणि ते कुणाला सांगितलं नाही. नैवेद्याचं पान वाढायच्या आधी मी प्रत्येक पदार्थ चाखायला लागले. देवघराकडे पाठ करून, चोरासारखी. अजूनही चाखते.

पुढच्या आषाढात एक कार्ड आलं. बुवांचंच अक्षर, थोडं कापरं. ‘उत्सवास येत आहे. मुक्काम नेहमीप्रमाणे आपल्याकडे. आहार हलका.’

“लॉजवर सोय करू,” हे म्हणाले. “तुला झेपणार नाही.”

“त्यांनी आपल्याकडे लिहिलंय.”

“मग जेवण शेजारून आणू.”

मनातून मला तेच हवं होतं, तरी शेवटी सैपाक मीच केला.

प्रतिपदेला दुपारी बुवा आले. वाळले होते, धोतर खूप चुण्या घालून नेसलेलं. झोपाळ्यावर बसले, पाणी घेतलं, ह्यांच्याशी पावसाचं बोलले. मग पाटावर येऊन बसले. पान मांडलेलं होतं. मऊ भात, वरण, पडवळाची भाजी, ताक. सगळं मी चाखलं होतं, दोन-दोनदा. वरणाचं पातेलं घेऊन मी सैपाकघराच्या उंबऱ्याशी आले आणि तिथून पाय पुढे पडेना.

“वहिनी, वाढा,” बुवा म्हणाले.

“बुवा, मला भीती वाटते.”

माझ्यामागे हे खाकरले. बुवांनी पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मघापासून त्यांचे हात मांडीवर होते. त्यांतला उजवा त्यांनी पानाकडे नेला आणि पुन्हा मांडीवर घेतला.

“मलाही वाटते,” ते म्हणाले. “सकाळी एसटीत बसल्यापासून वाटतेय. वाठारला उतरून परतीची गाडी पकडावी असं दोनदा मनात आलं.”

“मग आलात का?”

“घरी बसूनही भीती वाटतच होती,” बुवा म्हणाले. “वर्षभर सून वाढते तरी वाटते. वाढा, वरण गार होतंय.”

मी वाढलं. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या, घास केला. तो उचलायला त्यांना वेळ लागला. मी त्यांच्या घशाकडे बघत होते, जीपमध्ये छातीकडे बघत होते तशी. घास खाली उतरला. मग त्यांनी दुसरा घास केला, थोडं थांबले आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“वरणात मीठ कमी आहे,” ते म्हणाले.

ह्यांनी चमकून बुवांकडे बघितलं.

मीठ कमी नव्हतं. मी चाखलं होतं. तरी मी आत गेले, मिठाची वाटी आणली, त्यांच्या पानाच्या कडेला चिमूटभर मीठ वाढलं आणि विचारलं, “आणखी काही?”